सेन्सरवरचा आळ

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी भर रस्त्यात बंद पडते. टोइंग करून ती वर्कशॉपला जाते, स्कॅनर लागतो आणि पडद्यावर कोड उमटतो: पी०ए३एफ, ड्राइव्ह मोटर ‘ए’ पोझिशन सेन्सर सर्किट. मालकाला काही शे रुपये मोजावे लागणार की मोटरची अख्खी किंमत, हे यापुढच्या तासाभरात ठरतं. हा सेन्सर मोटरच्या पोटात बसवलेला असतो आणि बऱ्याच गाड्यांमध्ये तो सुटा विकतच मिळत नाही. त्यामुळे ‘सेन्सर गेला’ असं एकदा म्हटलं की एस्टिमेट येतं ते पूर्ण मोटरचं आणि गाडी हायब्रिड असेल तर पूर्ण ट्रान्सॲक्सलचं. माझं म्हणणं असं, की हा निष्कर्ष आपल्याकडे फार घाईनं काढला जातो. कोड ही नुसती फिर्याद असते. फिर्यादीत नाव आलं म्हणून कुणी दोषी ठरत नाही, त्यासाठी तपास करावा लागतो. या तपासाची पद्धत पक्की आहे, ती शिकवता येते आणि तिला लागणारी साधनंही आवाक्यातली आहेत. ती रुजली नाही, तर इलेक्ट्रिक गाडीचं आज परवडणारं वाटणारं गणित वॉरंटी संपताच बिघडेल.

या सेन्सरवर एवढं काय अवलंबून आहे, ते आधी पाहू. आजच्या बहुतेक हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये कायम चुंबकाची सिंक्रोनस मोटर असते. रोटरमध्ये चुंबक बसवलेले असतात आणि भोवतीच्या स्टेटरमध्ये तांब्याचं तीन फेजचं वाइंडिंग असतं. बॅटरीतून येणाऱ्या डीसी विजेचं इन्व्हर्टर एसीत रूपांतर करतो आणि स्टेटरमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र उभं करतो. हे क्षेत्र रोटरच्या चुंबकाला ओढत नेतं. ही ओढ पुरेपूर मिळायची तर चुंबकाचं तोंड या क्षणी कुठे आहे, हे इन्व्हर्टरला सेकंदाला हजारो वेळा कळावं लागतं. टेस्लाच्या सुरुवातीच्या मॉडेल एसमध्ये इंडक्शन मोटर होती. तिच्या रोटरमधलं चुंबकत्व बाहेरून निर्माण केलेलं असल्यामुळे तिथे रोटरचा वेग कळला तरी भागतं. कायम चुंबकाच्या मोटरला मात्र नेमका कोन लागतो आणि तोही गाडी जागची हलण्याआधी.

कोन चुकला तर काय होतं, याचा हिशेब साधा आहे. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसची ड्राइव्ह मोटर आठ पोलची, म्हणजे पोलच्या चार जोड्यांची आहे. त्यामुळे शाफ्टचा एक अंश विजेच्या हिशेबात चार अंश होतो. शाफ्टचा कोन साडेसात अंशांनी चुकला तर विजेच्या हिशेबातली चूक ३० अंशांवर जाते आणि चुंबकापासून मिळणारा टॉर्क तेवढ्याच करंटला सुमारे ८७ टक्क्यांवर येतो. चूक १५ अंशांची असेल तर टॉर्क निम्मा होतो, साडेबावीस अंशांची असेल तर शून्य आणि त्यापलीकडे दिशाच उलटते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडीनं मागे ओढ घेणं रस्त्यावर जीवघेणं ठरू शकतं. म्हणून कोनाबद्दल जरा संशय आला की कंट्रोलर मोटरचा पुरवठा तोडतो. हा निर्णय रास्तच आहे. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कंट्रोलर गाडी थांबवतो ती कोनावरचा विश्वास उडाला म्हणून. विश्वास का उडाला, याचा शोध त्याच्या हातात नसतो आणि तो लावल्याचा दावाही तो करत नाही.

दिसणारा त्रास एकीकडे आणि मूळ कारण दुसरीकडे, हा प्रकार हायब्रिडमध्ये आणखी ठळक होतो. प्रियसमध्ये वेगळा स्टार्टर नाही. इंजिन उठवण्याचं काम एमजी१ नावाची पहिली मोटर-जनरेटर करते. तिच्या कोनाची माहिती मिळेनाशी झाली, तर पेट्रोल, स्पार्क आणि कॉम्प्रेशन ठणठणीत असूनही इंजिन उठत नाही. ज्याला हे माहीत नाही तो फ्युएल पंप तपासत बसतो. ज्याला माहीत आहे तो जनरेटरच्या पोझिशन सेन्सरचा कोड, म्हणजे पी०ए४बी, पाहून योग्य सर्किटपाशी पोहोचतो. मात्र त्याचं खरं काम तिथून सुरू होतं.

आता ज्याच्यावर आळ येतो त्या सेन्सरकडे वळू. त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात तोफांचे रोख दूरवरून जुळवण्यासाठी जी सिंक्रो यंत्रं वापरली गेली, त्याच घराण्यातला हा भाग. गाड्यांमधल्या रिझॉल्व्हरची रचना थक्क करील इतकी साधी आहे. मोटरच्या शाफ्टवर लोखंडी पत्र्यांचा लंबगोल किंवा पाकळीदार रोटर असतो. भोवती तांब्याच्या तीन स्थिर कॉइल असतात. त्यातल्या एकीला इन्व्हर्टरमधलं सर्किट काही व्होल्टचा आणि साधारण १० किलोहर्ट्झच्या आसपासचा एसी सिग्नल पुरवतं. लंबगोल रोटर फिरतो तशी मधली हवेची फट कमीजास्त होते आणि उरलेल्या दोन कॉइलमध्ये उमटणारं व्होल्टेज चढतं-उतरतं. या दोन कॉइल विजेच्या हिशेबात एकमेकींपासून ९० अंशांवर असतात. म्हणून एक कोनाचा साइन देते आणि दुसरी कोसाइन. कोन ठरतो तो दोघींच्या गुणोत्तरावरून. तापमानामुळे दोन्ही सिग्नल सारखेच मंदावले तरी गुणोत्तर टिकून राहतं. मोटरमधल्या उष्णतेत आणि तेलाच्या मारात वर्षानुवर्षं तग धरण्यासाठी या सेन्सरची निवड झाली ती याच गुणामुळे. फिरणाऱ्या भागात चुंबक नाही, ब्रश नाही आणि आत इलेक्ट्रॉनिक चिपही नाही. बिघडण्यासारखं त्यात फार थोडं आहे.

सेन्सर असा दणकट असताना त्याच्या नावाचा कोड का येतो? सिग्नल ज्या वाटेनं जातो, त्या वाटेवर नाजूक जागा बऱ्याच आहेत. तीन कॉइलच्या मिळून सहा वायरी मोटरमधून निघतात, एका कपलरमधून बाहेर येतात, हार्नेसमधून धावतात आणि इन्व्हर्टरच्या कपलरमध्ये शिरतात. प्रत्येक जोडी पीळ घातलेली असते आणि वर शील्डची जाळी असते, कारण शेजारच्याच हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलमधून शेकडो व्होल्टचा पुरवठा काही किलोहर्ट्झच्या गतीनं चालू-बंद होत असतो. या वाटेवर कपलरच्या सीलमधून पाणी शिरतं. पिनवर हिरवट थर चढतो. किनारपट्टीवरची खारी हवा हे काम लवकर उरकते. पावसाळ्यात उंदीर-घुशी इंजिनबेमध्ये आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात. अपघातानंतरच्या दुरुस्तीत हार्नेस कापून जोडला जातो, पण पीळ पुन्हा घातला जात नाही आणि शील्ड अर्थला जोडायची राहून जाते. मग इन्व्हर्टरचाच विद्युत आवाज (नॉइज) सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळतो. यातल्या कुठल्याही कारणानं तोच कोड येऊ शकतो.

गाडीचा कॉम्प्युटर हे वेगवेगळं ओळखू शकत नाही. असं का, ते समजलं की कोडचा मानही राखता येतो आणि त्याची मर्यादाही कळते. रिझॉल्व्हरचे सिग्नल वाचून कोनाचा आकडा काढणारी एक चिप इन्व्हर्टरच्या बोर्डवर असते. ॲनालॉग डिव्हायसेस या कंपनीची एडी२एस१२१० ही त्यातली एक प्रसिद्ध चिप. तिला तीन प्रकारचे दोष कळतात: सिग्नल नाहीसा होणं, सिग्नलची ताकद ठरलेल्या मर्यादेबाहेर जाणं आणि कोनाचा माग सुटणं. हे तिन्ही ती वाटेच्या शेवटच्या टोकाला बसून पाहते. वायर मोटरजवळ तुटली काय, मधे तुटली काय किंवा कॉइल आतून तुटली काय, तिला सगळं सारखंच दिसतं. सर्किटमधला दोष, मर्यादेबाहेरचं वाचन आणि अपेक्षेपेक्षा कमी सिग्नल यांसाठी पी०ए३एफ, पी०ए४० आणि पी०ए४१ असे वेगळे कोड आहेत आणि टोयोटासारख्या कंपन्या त्यांच्याखाली आणखी उपकोड देतात. त्यामुळे तपासाची दिशा ठरते. दोषाची जागा मात्र माणसानं मीटर लावूनच शोधायची असते.

हा शोध क्रमानं घ्यावा लागतो. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम वाचायची, म्हणजे दोष आला त्या क्षणी वेग किती होता, मोटर किती तापली होती, गाडी नुकतीच सुरू झाली होती की चढावर होती, ते पाहायचं. थंड गाडीत पहाटे येणारा दोष ओलाव्याकडे बोट दाखवतो, तर गाडी तापल्यावर किंवा खड्ड्यात आदळल्यावर येणारा दोष सैल पिन अथवा आतून तुटलेल्या तारेकडे. त्यानंतर हाय व्होल्टेज रीतसर बंद करून इन्व्हर्टरच्या बाजूचा सेन्सरचा कपलर काढायचा आणि हार्नेसच्या बाजूनं तिन्ही कॉइलचा रेझिस्टन्स मोजायचा. या एका मापात वायर, मधले जोड आणि कॉइल अशी सगळी वाट येते. साइन आणि कोसाइनच्या कॉइलची मापं जवळपास सारखी यायला हवीत आणि बॉडीशी कुठल्याच वायरीचा संबंध असता कामा नये. माप बरोबर आलं आणि हार्नेस हलवूनही टिकलं, तर संशय इन्व्हर्टरकडे किंवा फक्त तापल्यावर उमटणाऱ्या दोषाकडे सरकतो. माप चुकीचं आलं, तर मोटरजवळचा कपलर काढून तिथे पुन्हा मोजायचं. तिथे ते बरोबर आलं तर दोष वायरिंगचा आहे आणि मोटर निर्दोष आहे. दोन जागी मीटर लावून तपासाचा एवढा मोठा पल्ला गाठता येतो.

मोजतानाही एक फसगत होऊ शकते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यानं वाढतो. एखादी कॉइल २० अंशांना १४ ओहम दाखवत असेल, तर तीच कॉइल ८० अंशांच्या तापलेल्या मोटरमध्ये १७ ओहमच्या पुढे जाते. रिपेअर मॅन्युअलमधली मर्यादा एखाद्या ठरावीक तापमानासाठी दिलेली असते. गाडी नुकतीच टो करून आणली, मोटर अजून गरम आहे, मेकॅनिकनं मीटर लावला आणि आकडा मर्यादेबाहेर गेला म्हणून चांगल्या मोटरवर फुली मारली, असं सहज घडू शकतं. म्हणून मापाशेजारी तापमान लिहिणं हा तपासाचा आवश्यक भाग आहे. मीटरच्या वायरीचा रेझिस्टन्सही या मापात मिसळलेला असतो. मीटरच्या प्रोब एकमेकींना टेकवून आलेला आकडा वजा केला नाही, तर लहान मापांत तेवढ्यानंही गफलत होते.

ओहम मोजून सगळंच कळतं असंही नाही. कॉइलचे शेकडो वेढे असतात. त्यातले दोन-चार वेढे आपसात शॉर्ट झाले तर रेझिस्टन्समधला फरक मीटरच्या चुकीतच लपून जातो. सिग्नलचा आकार मात्र बिघडतो आणि तो पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. दोन चॅनलचा स्कोप साइन आणि कोसाइनला लावून एक्स-वाय मोडवर टाकला, की पडद्यावर केंद्रातून जाणारी एक तिरपी रेषा दिसते. शाफ्ट सावकाश फिरवला की ती रेषाही फिरते आणि तिची टोकं एक वर्तुळ रेखत जातात. सेन्सर आणि वाट दोन्ही ठीक असतील तर हे वर्तुळ गोल येतं. एका कॉइलचा सिग्नल कमजोर असेल तर ते चपटं होतं. एका जागी कपलर सैल असेल तर हार्नेस हलवताच रेषा थरथरते किंवा क्षणभर कोसळते. शील्ड तुटलेली असेल तर इन्व्हर्टर चालू असताना रेषेला केस फुटल्यासारखा आवाज चिकटतो. आकडेमोड न करता डोळ्यांना दिसणारी ही चाचणी आहे. ती एकदा समजून घेतलेला मेकॅनिक मोटर बदला असं सहजासहजी म्हणणार नाही.

पुरावे एकमेकांशी ताडून पाहण्याची आणखी एक सुंदर सोय प्रियसच्या गिअरमध्येच आहे. तिच्या प्लॅनेटरी गिअरमध्ये मधल्या सन गिअरला ३० दात आहेत आणि बाहेरच्या रिंग गिअरला ७८. सन गिअरला एमजी१ जोडलेली, मधल्या कॅरिअरला इंजिन आणि दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये रिंग गिअरला थेट ड्राइव्ह मोटर, म्हणजे एमजी२. दातांच्या हिशेबानं इंजिनच्या वेगाची ३.६ पट ही नेहमी एमजी१ चा वेग अधिक एमजी२ च्या वेगाची २.६ पट एवढी भरते. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल आणि एमजी२ १,००० फेरे, तर एमजी१ नं २,८०० दाखवायलाच हवेत. इंजिनचा वेग क्रँक सेन्सर सांगतो, उरलेले दोन वेग दोन रिझॉल्व्हर सांगतात. स्कॅनरवर हे तीन आकडे शेजारी ठेवले आणि समीकरण जमलं नाही, तर कुणीतरी चुकीची साक्ष देतो आहे हे एकही नट न खोलता कळतं. एका गिअरच्या इलेक्ट्रिक गाडीत हीच पडताळणी मोटरचा वेग आणि चाकांचा वेग यांच्या ठरलेल्या प्रमाणावरून होते. अर्थात यातून एक दोष निसटतो. सेन्सरचा शून्य अंशच सरकला असेल, तर वेग बरोबर येतो आणि कोन चुकलेला राहतो. ह्युंदाई-कियाच्या हायब्रिड गाड्यांमध्ये मोटर किंवा इन्व्हर्टर बदलल्यावर रिझॉल्व्हरचं ऑफसेट स्कॅनरनं नव्यानं नोंदवावं लागतं. हे करायचं राहिलं, तर नव्या भागासह गाडी झटके देते किंवा तेवढ्याच ओढीला जास्त करंट खाते आणि पुन्हा बोट सेन्सरकडेच वळतं.

मोटरच्या इतर सेन्सरनाही हाच न्याय लागू होतो. मोटरचं तापमान सांगणारा थर्मिस्टर तापल्यावर रेझिस्टन्स कमी करतो. त्याची वायर तुटली तर कंट्रोलरला अमर्याद रेझिस्टन्स दिसतो आणि तो त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावतो. मे महिन्यातल्या नागपुरात स्कॅनरवर मोटरचं तापमान उणे ४० अंश दिसलं, तर वायर तुटली आहे किंवा कपलर सुटला आहे हे तिथेच उघड होतं. फेजचा करंट मोजणाऱ्या सेन्सरची परीक्षाही निसर्गनियमानंच होते. तिन्ही फेजमधल्या करंटची बेरीज दर क्षणी शून्य यायला हवी. ती येत नसेल तर सेन्सर चुकतो आहे किंवा करंट भलत्या वाटेनं जातो आहे. गाडीतले सेन्सर एकमेकांना तपासतात. ते जाळं वाचता येणं म्हणजे निदान.

या मांडणीवर पहिला आक्षेप वॉरंटीचा येतो. अनेक कंपन्या बॅटरीवर आणि मोटरवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात, मग मालकानं एवढी चिंता का करावी? एक तर ही हमी दोन मर्यादांपैकी जी आधी येईल तिथे संपते. दिवसाला २०० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धावणारी टॅक्सी तीन वर्षांच्या आतच या आकड्यापलीकडे जाते. ज्यांचं पोट गाडीवर चालतं त्यांचीच हमी सगळ्यांत आधी सरते. त्यानंतर तीच गाडी दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जाते आणि त्याच्या खिशाला मोटरची किंमत झेपणारी नसते. दुसरं असं, की दोष कपलरमध्ये असताना हमीत मोटर बदलून दिली, तरी दोष जागेवरच राहतो. नव्या मोटरचा कपलर जोडताना गंजलेली पिन तात्पुरती घासली जाते, गाडी चालू लागते आणि पुढच्या पावसाळ्यात तोच कोड परत येतो. दुरुस्ती झाल्याचा भास आणि चांगल्या मोटरचं भंगार एवढंच हाती उरतं. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमध्ये तांबं असतं, दुर्मीळ मृदा धातूंचे चुंबक असतात. चांगली मोटर चुकीच्या निदानापायी भंगारात टाकणं हे पर्यावरणासाठी घेतलेल्या गाडीच्या मूळ हेतूलाच मारक आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. शेकडो व्होल्टच्या गाडीत कोपऱ्यावरच्या गॅरेजनं हात घालावा का? प्रशिक्षण नसताना मुळीच घालू नये. सर्व्हिस प्लग काढणं, इन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे होण्यासाठी टोयोटाच्या पद्धतीप्रमाणे किमान १० मिनिटं थांबणं, व्होल्टेज शून्य झाल्याची मीटरनं खात्री करणं, १,००० व्होल्टचे क्लास ० रबरी हातमोजे वापरणं यांत सूट नाही. परंतु हा आक्षेप नेमका उलट्या बाजूनंही लागू होतो. रिझॉल्व्हरचं सर्किट काही व्होल्टचं आहे. गाडी रीतसर निर्धोक केल्यावर त्याची तपासणी बॅटरी न उघडता होते. मोटर उतरवून बदलताना मात्र नारिंगी केबल सोडवाव्या लागतात, कूलंट काढावं लागतं, जड जोड खाली घ्यावा लागतो. धोका कशात जास्त आहे हे उघड आहे. तपासाला नकार देऊन बदलीला होकार देणारी भूमिका सुरक्षिततेच्या नावानं टिकत नाही.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या वेगाचा. सेन्सरशिवाय कोन ओळखणाऱ्या पद्धती आल्या आहेत, मग जुनं कौशल्य कशाला शिकायचं? फिरणारी मोटर स्वतः व्होल्टेज निर्माण करते आणि त्यावरून कोन काढता येतो हे खरं. पण हे व्होल्टेज वेगाबरोबर वाढतं आणि उभ्या गाडीत शून्य असतं. खंबाटकी घाटात चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना कोन नेमका त्याच क्षणी हवा असतो. त्यासाठी उच्च फ्रीक्वेन्सीचा सिग्नल स्टेटरमध्ये सोडून रोटरची दिशा ओळखण्याची युक्ती आहे. ती रोटरच्या रचनेवर अवलंबून असते आणि तिला आवाजाचा त्रास होतो. म्हणून अशा पद्धती अनेकदा सेन्सरच्या जोडीला, तो फसल्यास गाडी कडेला घेता यावी यासाठी ठेवल्या जातात. काही नव्या गाड्यांत रिझॉल्व्हरची जागा इंडक्टिव्ह सेन्सर घेत आहेत. त्यांच्यात कॉइलसोबत चिप असते, पण वायर, कपलर आणि पाणी तेच राहतं. सेन्सरची जात बदलली तरी वाटेची तपासणी करावीच लागते.

मग ही पद्धत रुजत का नाही? मोठा अडसर माहितीचा आहे. कॉइलचं योग्य माप किती, कपलरची कुठली पिन कुठल्या वायरीची, ऑफसेट कसं नोंदवायचं हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आणि कंपनीच्याच स्कॅनरमध्ये असतं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू न देण्याबद्दल होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, तरी प्रश्न तेव्हाच पटलावर आला होता. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू झालं. पोर्टलवर माहिती देणं आणि ती देणं कायद्यानं बंधनकारक असणं यांत मोठं अंतर आहे. इलेक्ट्रिक गाड्यांबाबत तर आणखी एक पोकळी आहे. स्कॅनरनं कुठल्याही कंपनीच्या पेट्रोल गाडीचे मूलभूत कोड वाचता येतात, ते ओबीडीच्या नियमांमुळे, आणि हे नियम धुराच्या नियंत्रणासाठी जन्मले. जी गाडी धूरच सोडत नाही ती त्यांच्या मूळ कक्षेत बसत नाही. कॅलिफोर्नियानं २०२२ मध्ये केलेल्या नियमांनी ही पोकळी ओळखली आणि २०२६ च्या मॉडेलपासून विनाधूर गाड्यांनाही ठरावीक माहिती प्रमाणित स्वरूपात देणं बंधनकारक केलं. भारतानं हे पाऊल लवकर उचलावं. रस्त्यावरच्या गाड्यांची संख्या वाढल्यानंतर असे नियम आणणं अवघड होत जातं.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. नेक्सॉन ईव्ही रांजणगावला तयार झाली, महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या चाकणला बनतात, चेतकची इलेक्ट्रिक स्कूटर आकुर्डीहून निघाली आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था पुण्यातच आहे. गाड्या घडवण्याचं ज्ञान इथे मुबलक आहे. त्या दुरुस्त करण्याचं ज्ञान तितक्याच जोमानं आयटीआयपर्यंत पोहोचायला हवं. ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा ट्रेड आयटीआयमध्ये आहे. त्यात रिझॉल्व्हरचं निदान शिकवायला महागडी चालू गाडी लागत नाही. अपघातात भंगार झालेल्या गाडीची एक मोटर, एक सिग्नल जनरेटर, दोन चॅनलचा एक स्कोप आणि मल्टिमीटर एवढं टेबलावर मांडलं की पुरे. मोटर बॅटरीला जोडलेलीच नसल्यामुळे हाय व्होल्टेजचा प्रश्न येत नाही. शिक्षकानं मुद्दाम एक पिन सैल करावी, एका वायरीला चीर पाडून तिच्यावर मिठाचं पाणी टाकावं, एक शील्ड तोडावी आणि विद्यार्थ्यानं दोष शोधून तो मापांसकट लिहून द्यावा. हे शिकलेली मुलगी किंवा मुलगा कुठल्याही कंपनीच्या गाडीपुढे गोंधळणार नाही.

शेवटचा प्रश्न पैशाचा, आणि तो मालकांनी स्वतःला विचारायचा आहे. दोन तास मीटर लावून, हार्नेस उलगडून गंजलेली एक पिन सापडली, तर त्या दोन तासांचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो. तेच आपण मोटर बदलल्याचं बिल मुकाट्यानं भरतो, कारण हातात एक वस्तू आल्याचं समाधान असतं. निदानाला मोल नाही म्हटल्यावर गॅरेज निदान कशासाठी करील? तपासाची मजुरी वेगळी आणि मानानं द्यावी आणि तिच्या बदल्यात हिशेब मागावा. जॉब कार्डवर कुठल्या दोन टोकांमध्ये माप घेतलं, किती आलं, मॅन्युअलप्रमाणे किती यायला हवं होतं आणि तेव्हा मोटरचं तापमान किती होतं, हे लिहिलेलं असावं. इन्व्हर्टरच्या टोकाला आणि मोटरच्या टोकाला, दोन्हीकडे. एवढी नोंद असेल आणि मोटरच्या टोकालाही माप चुकत असेल, तर मोटर बदलायला हरकत घेऊ नये. नोंद नसेल, तर नव्या मोटरच्या एस्टिमेटवर सही करू नये.